‘अनइन्हॅबिटेबल’ म्हणजे ओसाड नव्हे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातील महाल या भागातल्या एका जुन्या वाड्याच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, इंग्रजी अहवाल तिथल्या भाडेकरूंसाठी मराठीत करून देण्याचे काम तुम्ही घेतले. मागची भिंत अंशतः कोसळल्यामुळे पहिला मजला ‘अनइन्हॅबिटेबल’ झाला आहे, असे त्यात एक वाक्य होते. तुम्ही ‘पहिला मजला निर्जन झाला आहे’ असे लिहिले आणि त्याच मजल्यावर आजही कुटुंबासह राहणाऱ्या एका काकांनी त्यावर हरकत घेतली. मग तुम्ही शब्दकोश उघडला, तर ‘इन्हॅबिटेबल’ म्हणजे राहण्याजोगे असे दिसले. आणि एका जुन्या इंग्रजी मजकुरात मात्र तोच शब्द नेमक्या उलट अर्थाने आलेला आढळला. यातले खरे काय आणि या शब्दाला मराठीत एकच नेमका प्रतिशब्द आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी नागपुरात बरीच वर्षे न्यायालयीन आणि तांत्रिक कागदपत्रांचे भाषांतर करतो, आणि माझ्या मते काकांची हरकत शंभर टक्के योग्य आहे. तुमची अडचण शब्दकोशाची वाटते, पण मुळात ती दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाल्याची आहे. एखाद्या जागेत माणसे राहतात की नाही, ही एक गोष्ट. आणि ती जागा माणसांनी राहण्याच्या लायकीची आहे की नाही, ही दुसरी. ‘अनइन्हॅबिटेड’ हा शब्द पहिली गोष्ट सांगतो. ती पाहून सांगता येते, डोकी मोजून सांगता येते. ‘अनइन्हॅबिटेबल’ हा शब्द दुसरी गोष्ट सांगतो, आणि ती कुणीतरी काही निकष लावून ठरवावी लागते. तुमच्या अहवालात अभियंत्याने मजल्याविषयी मत दिले होते. तुमच्या भाषांतरात ते माणसांविषयीचे निरीक्षण होऊन बसले.

हा फरक केवळ व्याकरणाचा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मध्ये घरमालकाला जागेचा ताबा कोणत्या कारणांसाठी मागता येतो, हे दिले आहे. भाड्याने दिलेली जागा दाव्यापूर्वी सलग सहा महिने वाजवी कारणाशिवाय ठरलेल्या उपयोगासाठी वापरलीच गेली नाही, हे त्यातले एक कारण. महापालिकेसारख्या सक्षम प्राधिकरणाने इमारत पाडण्याचा आदेश दिला असून त्यासाठी जागा तातडीने रिकामी हवी आहे, हे दुसरे, अगदी वेगळे कारण. ‘मजला निर्जन आहे’ हे वाक्य पहिल्या कारणाकडे झुकते आणि ‘मजला राहण्यास अयोग्य आहे’ हे दुसऱ्याच्या वाटेवरचे आहे. मी वकील नाही आणि या वाड्याच्या कायदेशीर बाजूविषयी मत देणार नाही. ते भाडेकरूंनी आपल्या वकिलांना विचारावे. पण ज्या माणसाचा संसार त्या मजल्यावर आहे, त्याच्याच हातात ‘इथे कुणी राहत नाही’ असे सांगणारा कागद आपण देऊ नये, एवढे भाषांतरकाराला कळलेच पाहिजे.

आता शब्दाच्या घडणीकडे येऊ, कारण गोंधळाचे मूळ तिथे आहे. इंग्रजीत ‘इन’ हा उपसर्ग दोन कामे करतो. लॅटिनमधून आलेला एक ‘इन’ नकार दाखवतो, तर दुसरा ‘आत, मध्ये’ असा अर्थ देतो. ‘इन्हॅबिट’ या क्रियापदातला ‘इन’ दुसऱ्या जातीचा आहे: एखाद्या जागेच्या आत राहणे. त्यामुळे आजच्या इंग्रजीत ‘हॅबिटेबल’ आणि ‘इन्हॅबिटेबल’ या दोन्हींचा अर्थ एकच, राहण्याजोगे. आणि नकार हवा असेल तर पुढे ‘अन’ लावावा लागतो.

मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण आपल्याकडे जवळजवळ हाच प्रकार आहे. ‘निवास’ या शब्दातला ‘नि’ नकारार्थी नाही. ‘निवासी’ म्हणजे राहणारा, हे शाळकरी मुलालाही कळते. पण त्याच्या शेजारी ‘निर्वासित’ ठेवून पाहा. तिथे ‘निर्’ आहे आणि तो माणसाला घरातून बाहेर काढतो. एका रफाराने घर असलेला आणि घर गमावलेला, अशी दोन माणसे वेगळी होतात. आपण ‘नि’ आणि ‘निर्’ यांत गल्लत करत नाही, कारण कानांना ती सवय आहे. इंग्रजीत मात्र दोन्ही ‘इन’ कानाला आणि डोळ्याला सारखेच लागतात, म्हणून खुद्द इंग्रजी बोलणारेही इथे फसत आले आहेत.

तुम्हाला जुन्या मजकुरात सापडलेला उलटा अर्थ हीदेखील चूक नव्हती. लॅटिन आणि फ्रेंचमधून ‘न राहण्याजोगे’ या अर्थाचा आणखी एक ‘इन्हॅबिटेबल’ इंग्रजीत आला होता. त्यातला ‘इन’ नकाराचा होता. शेक्सपियरच्या ‘रिचर्ड द सेकंड’ नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात तो आल्प्सच्या गोठलेल्या कड्यांसोबत ‘जिथे राहता येत नाही अशी भूमी’ या अर्थाने येतो. पुढे इंग्रजीतून तो अर्थ मागे पडला. फ्रेंचमध्ये मात्र तो आजही जिवंत आहे. तिथे त्याच अक्षरांनी लिहिला जाणारा शब्द ‘राहण्यास अयोग्य’ असेच सांगतो. ‘इन्फ्लेमेबल’ या शब्दाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्याचा अर्थ ज्वलनशील असा, पण ‘इन’ मुळे कुणी तो ‘न जळणारा’ असा घेईल, या भीतीने टँकरवर आणि डब्यांवर ‘फ्लेमेबल’ लिहिण्याची पद्धत पडली. माझा नियम त्याच धर्तीचा आहे. इंग्रजी लिहायची वेळ आली तर मी ‘इन्हॅबिटेबल’ कधीही वापरत नाही; ‘हॅबिटेबल’ लिहितो. वाचताना तो समोर आला, तर मजकूर कोणत्या काळातला आहे आणि तो फ्रेंचमधून इंग्रजीत आणलेला तर नाही ना, हे आधी पाहतो.

मराठी प्रतिशब्दाकडे वळण्यापूर्वी माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो, कारण ती तुमच्या चुकीच्या बरोबर उलट होती. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत भूसंपादनाच्या मोबदल्याच्या एका प्रकरणातील कागद माझ्याकडे आले होते. त्यात एका गावाचे वर्णन ‘अनइन्हॅबिटेड’ असे केले होते आणि मी ‘वस्तीस अयोग्य’ असे भाषांतर केले. प्रत्यक्षात ते गाव रिठी होते. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, की आमच्याकडे सातबारावर मौज्याच्या नावापुढे ‘रिठी’ असे लिहिलेले अनेकदा दिसते. गावाची शीव आहे, शेते आहेत, ती कसणारे शेतकरी शेजारच्या गावात राहतात, पण गावठाणात घर नाही, असे ते गाव. तिथली पांढरी, म्हणजे वस्तीची जागा, उत्तम होती, विहिरीला पाणी होते; पूर्वी कधीतरी लोक उठून गेले, इतकेच. माझ्या एका शब्दाने त्या जमिनीलाच खोट लावली. शेतकऱ्यांच्या वकिलांच्या वेळीच लक्षात आले आणि मी दुरुस्तीपत्र दिले, पण ते दोन शब्द तेव्हापासून माझ्या मनात कायम वेगवेगळ्या खणांत आहेत.

खरे तर ‘अनइन्हॅबिटेड’ साठी मराठीचे भांडार फार श्रीमंत आहे. ओसाड, उजाड, रिठी, निर्जन, निर्मनुष्य, आणि महसुली कागदांतला ‘बेचिराख’. हा शेवटचा शब्द आज आपण जाळून राख केलेल्या गावासाठी वापरतो, पण त्यातल्या ‘राख’ चा राखेशी संबंध नाही. तो फारसीतून आला: ‘बे’ म्हणजे विना आणि ‘चिराग’ म्हणजे दिवा. जिथे संध्याकाळी एकही दिवा लागत नाही ते गाव बेचिराख. माणसे नसल्याचे याहून नेमके वर्णन मला कुठे आढळलेले नाही. अशी गावे थोडीथोडकीही नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ६,४०,००० गावांपैकी ४३,००० च्या आसपास गावे वस्ती नसलेली म्हणून नोंदली गेली. ती सगळी राहण्यास अयोग्य आहेत, असे म्हणण्याला काहीच आधार नाही. मेळघाटातील बोरी, कोहा आणि कुंड ही गावे व्याघ्र प्रकल्पातून उठवून बाहेर वसवली गेली आणि त्यांच्या जुन्या जागी आता कुरणे आहेत. तिथे माणूस नाही, कारण वाघासाठी जागा मोकळी करायची होती. माती किंवा पाणी बिघडले होते म्हणून नव्हे.

उलट बाजूचे उदाहरण चेर्नोबिलचे. २६ एप्रिल १९८६ च्या अपघातानंतर दुसऱ्याच दिवशी प्रिप्यात हे जवळपास ४९,००० वस्तीचे शहर रिकामे करण्यात आले आणि भोवतालचा प्रदेश वस्तीस बंद केला गेला. तरीही काही वृद्ध गावकरी, त्यांत स्त्रिया जास्त, आपापल्या खेड्यांत परतले आणि अनेक वर्षे राहिले. म्हणजे तो प्रदेश ‘अनइन्हॅबिटेबल’ ठरवलेला होता, पण काही ठिकाणी ‘अनइन्हॅबिटेड’ नव्हता. तुमच्या वाड्याचा पहिला मजला नेमका याच खणात बसतो: राहण्यास अयोग्य, आणि तरीही तिथे एक कुटुंब राहते आहे.

आता प्रतिशब्द. एकच शब्द मिळावा ही तुमची इच्छा मी समजू शकतो, पण सगळीकडे चालेल असा एक शब्द मी देऊ शकत नाही. कुणासाठी, किती काळासाठी आणि कुणाच्या मते अयोग्य, यावर तो अवलंबून आहे. रोजच्या कामासाठी ‘राहण्यास अयोग्य’ हा शब्दप्रयोग सर्वांत सुरक्षित आहे. शिवाय तो कार्यालयीन मराठीत रुळलेला आहे. आपल्या राज्यातील महापालिका धोकादायक इमारतींची वर्गवारी करतात, तेव्हा सी-१ प्रवर्गासाठी ‘अतिधोकादायक, राहण्यास अयोग्य व तात्काळ निष्कासित करणे’ (म्हणजे पाडणे) अशीच शब्दरचना वापरली जाते. सी-२ए मध्ये इमारत रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती, सी-२बी मध्ये रिकामी न करता दुरुस्ती, आणि सी-३ मध्ये किरकोळ दुरुस्ती. यात सी-२ए लक्षात घेण्यासारखा आहे. त्या इमारतीतही आज राहता येत नाही, पण तिच्यावर ‘राहण्यास अयोग्य’ असा शिक्का बसत नाही, कारण ती दुरुस्त होऊ शकते. म्हणून अभियंत्याच्या अहवालात हा शब्द आला, की मी आधी अहवालाच्या शेवटी दिलेला प्रवर्ग पाहतो. प्रवर्ग सी-२ए असेल आणि मजकुरात ‘अनइन्हॅबिटेबल’ असेल, तर ‘दुरुस्ती होईपर्यंत राहण्यास अयोग्य’ असे लिहिता येईल का, हे अहवाल लिहिणाऱ्याला विचारून घेतो. स्वतःच्या मनाने ते शब्द घालत नाही.

कायद्याच्या भाषेत ‘मानवी वस्तीस अयोग्य’ ही रचना अधिक जवळची. झोपडपट्टी सुधारणेविषयीचा १९५६ चा केंद्रीय कायदा या बाबतीत वाचण्यासारखा आहे, कारण इमारत मानवी वस्तीस अयोग्य आहे की नाही हे ठरवताना काय पाहायचे, ते त्याच्या कलम ३ मध्येच सांगितले आहे: दुरुस्तीची अवस्था, मजबुती, ओल, नैसर्गिक उजेड आणि हवा, पाणीपुरवठा, सांडपाणी आणि शौचालय, अन्न साठवण्याची व शिजवण्याची सोय. यांपैकी एका किंवा अधिक बाबतींत इमारत इतकी सदोष असली पाहिजे, की त्या अवस्थेत ती वापरण्यास वाजवीरीत्या योग्य राहणार नाही. ‘त्या अवस्थेत’ या दोन शब्दांकडे मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याचे लक्ष वेधतो. अवस्था बदलली की ठपका पुसला जाऊ शकतो. ‘ओसाड’, ‘भकास’, ‘उद्ध्वस्त’ या शब्दांत अशा बदलाला जागाच नाही. ते कायमचे वाटतात.

काळाचा हा मुद्दा नागपूरकरांना वेगळा समजावण्याची गरज नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचे पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांतील घरांत शिरले, तेव्हा अनेक घरे काही दिवस शब्दशः राहण्याजोगी नव्हती. गाळ, ओल्या भिंती, वायरिंगमध्ये पाणी. पण त्या घरांना कुणी ‘वस्तीस अयोग्य’ म्हटले असते तर तो अन्याय ठरला असता. विम्याच्या कागदांत हा फरक पैशांत मोजला जातो. २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत, विमा असलेल्या आपत्तीमुळे घर राहण्याजोगे उरले नाही, तर पर्यायी निवासाच्या भाड्याची तरतूद आहे. इथे मी ‘राहण्याजोगे उरले नाही’ असे मुद्दाम लिहिले. ‘जोगे’ हा आपला साधा प्रत्यय इंग्रजीतल्या ‘एबल’ चे काम चोख करतो, आणि ‘उरले नाही’ मुळे आधी ते राहण्याजोगे होते, हेही कळते. इंग्रजीत ‘रेंडर्ड अनइन्हॅबिटेबल’ असेल तिथे हीच रचना घ्यावी. ‘डिक्लेअर्ड’ असेल तर मात्र ‘राहण्यास अयोग्य ठरवण्यात आले’ असे लिहावे, म्हणजे ठरवणारे कुणीतरी आहे हे वाचकाला दिसते. आणि ‘बेअरली हॅबिटेबल’ साठी ‘जवळजवळ राहण्यास अयोग्य’ अशी ओढाताण न करता ‘जेमतेम राहण्याजोगे’ म्हणावे.

काही शब्द टाळावेत. ‘अनिवासी’ मुळीच नको. तो परदेशस्थ भारतीयांनी कायमचा घेतला आहे. ‘दुर्गम’ म्हणजे पोहोचायला अवघड. तिथे राहता येते की नाही याविषयी तो काहीच सांगत नाही. ‘निर्मनुष्य’ हा तर संचारबंदीच्या दुपारी सीताबर्डीच्या रस्त्यालाही लागू पडतो.

‘इनहॉस्पिटेबल’ या शेजारच्या शब्दाबाबत थोडे अधिक सांगायला हवे, कारण या दोघांची अदलाबदल वर्तमानपत्रांतही होते. त्यात पाहुण्याचे स्वागत न करणारी जागा, अशी मूळ कल्पना आहे. मराठीत ‘प्रतिकूल’ किंवा ‘खडतर’ म्हटले की काम भागते. सियाचीन हा खडतर प्रदेश आहे, आणि तिथे आपले जवान बाराही महिने तैनात असतात. अंटार्क्टिकावर कायमची वस्ती नाही, तरी मैत्री आणि भारती या आपल्या केंद्रांत शास्त्रज्ञ राहतात. ते राहू शकतात कारण अन्न, इंधन आणि औषधे बाहेरून जातात. शिवाय हा शब्द बहुतेक वेळा बाहेरच्या माणसाच्या तोंडचा असतो. गडचिरोलीतील भामरागडच्या जंगलाविषयी तो वाचला, की मी थांबतो, कारण माडिया गोंड आदिवासी पिढ्यानपिढ्या तिथे राहत आले आहेत आणि त्यांच्यासाठी ते घर आहे. अशा मजकुरात ‘वस्तीस अयोग्य’ लिहिणे म्हणजे तिथल्या लोकांना नकाशावरून पुसणे होय.

हवामानाच्या लेखांत हा शब्द आला, तर आणखी जपून. नागपूर राहण्यास अयोग्य होणार, अशा अर्थाचे मथळे उन्हाळ्यात दिसतात. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, पण तो संवेदकाचा दोष होता, हे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले. शास्त्रज्ञ मानवी सहनशक्तीची मर्यादा सांगतात, तेव्हा ते बहुधा नुसत्या तापमानाविषयी बोलत नाहीत. ते ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापीच्या, म्हणजे वेट बल्बच्या, ३५ अंशांविषयी बोलतात. तेवढ्या दमट उष्णतेत घाम वाळत नाही आणि सावलीत बसलेला निरोगी माणूसही काही तासांत धोक्यात येतो. आपल्या मे महिन्यातल्या कोरड्या ४५ अंशांना वेट बल्बचे तापमान साधारण २५ च्या आसपास असते, आणि म्हणूनच वाळ्याचा कूलर इथे काम करतो. याचा अर्थ इथला उन्हाळा सुसह्य आहे असा नाही. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला आणि उन्हात गिट्टी फोडणाऱ्याला तो जीवघेणा आहे. पण अशा लेखाचे भाषांतर करताना लेखकाने कोणती मर्यादा धरली आहे हे पाहून ‘मानवी सहनशक्तीपलीकडचे’ की ‘राहण्यास अयोग्य’, हे ठरवावे लागते. खगोलशास्त्रात तर निकष माणसाचाही नसतो. शुक्राच्या पृष्ठभागावर सुमारे ४६० अंश तापमान आहे, तिथे ‘जीवसृष्टीस प्रतिकूल’ हेच योग्य.

आता तुमच्या वाक्याकडे परत येतो. अहवालात प्रवर्ग सी-१ दिला असेल, तर मी असे लिहीन: ‘मागील भिंत अंशतः कोसळल्यामुळे पहिला मजला राहण्यास अयोग्य झाला आहे.’ सी-२ए असेल, तर हेच वाक्य तात्पुरते ठेवून अभियंत्याला एक फोन करीन आणि त्यांनी लेखी होकार दिला तरच ‘दुरुस्ती होईपर्यंत’ हे शब्द जोडीन. दोन्ही परिस्थितींत भाषांतराची आधीची प्रत भाडेकरूंकडून परत मागवून घ्या, नव्या प्रतीवर ‘सुधारित’ असे लिहून तारीख घाला, आणि जुनी प्रत कुणी घरमालकांकडे किंवा महापालिकेच्या झोन कार्यालयात दिली असेल तर तिथेही सुधारित प्रत पोहोचवून पोच घ्या. हे काम आजच करा. आणि त्या काकांना भेटाल तेव्हा शब्दाबरोबर त्याचा अर्थही सांगा: हा मजला आज ज्या अवस्थेत आहे, त्या अवस्थेत तो माणसांनी राहण्याच्या लायकीचा नाही, असे तो अभियंता सांगतो आहे.